वाचकांचे प्रश्न : व्हीएमचे सॉकेट, कोअर आणि मेमरी नोड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेले संगणक) चालवताना प्रत्येकाला प्रोसेसरची रचना कशी दाखवायची आणि त्याची मेमरी कोणत्या नोडवरून द्यायची? बहुतेक पत्रे इंदूरची आहेत आणि बहुतेकांकडे दोन सॉकेटचा सर्व्हर आहे. अशा सर्व्हरात प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्या शेजारी असते आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीपर्यंत जायला जास्त वेळ लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात आणि शेजारच्या मेमरीसह अशा एकेका गटाला नोड. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, कोअर म्हणजे प्रोसेसरातला काम करणारा एकेक भाग आणि थ्रेड म्हणजे कोअरवर चालणारी कामाची एकेक ओळ. खाली ‘होस्ट’ म्हणजे खरा सर्व्हर आणि ‘गेस्ट’ म्हणजे व्हीएमच्या आतली प्रणाली.

प्रश्न : आमच्या घाऊक पेढीत प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीवर) विंडोज १० प्रोचे एक व्हीएम आहे. त्याला ८ प्रोसेसर दिले, पण टास्क मॅनेजरमध्ये २ च दिसतात. हिशेबाच्या प्रणालीचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसही त्यातच आहे. दिवाळीच्या तोंडावर बिले निघता निघत नाहीत. आणखी ४ प्रोसेसर वाढवावेत का?
— एक वाचक, सियागंज, इंदूर

उत्तर : नको. आहेत त्यातलेच ६ वाया जात आहेत. तुमच्या वर्णनावरून प्रोसेसरच्या खिडकीत सॉकेट ८ आणि कोअर १ असे भरलेले दिसते. विंडोज १० आणि ११ च्या होम आवृत्तीला १ सॉकेट चालतो, प्रोला २. ही मर्यादा सॉकेटवर आहे, कोअरवर नाही. तुम्ही एकेका कोअरचे आठ सॉकेट दाखवले, विंडोजने पहिले दोन घेतले आणि बाकीचे सोडून दिले.

एक्सप्रेसचा नियम आणखी कडक आहे. तो १ सॉकेट किंवा ४ कोअर, यांतले जे कमी असेल तेवढेच वापरतो. म्हणजे आज तुमची सगळी बिले एका कोअरवर निघत आहेत. प्रोसेसर वाढवणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

व्हीएम पूर्ण बंद करा. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केल्याने हा बदल लागू होत नाही. मग हार्डवेअरमधल्या प्रोसेसर्समध्ये सॉकेट १, कोअर ६ भरा आणि चालू करा. ६ अशासाठी की ४ एक्सप्रेसला जातात आणि २ बाकीच्या विंडोजला पुरतात. आठ ठेवलेत तरी एक्सप्रेस पाचव्याला हात लावणार नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयू निवडला की खाली ‘सॉकेट्स’ आणि ‘व्हर्च्युअल प्रोसेसर्स’ अशा ओळी येतात, तिथे १ आणि ६ दिसायला हवेत.

यानंतरही बिले रेंगाळली तर कारण मेमरीत शोधा. एक्सप्रेसचा बफर (डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा) सुमारे १४१० एमबीपलीकडे वाढत नाही, मग व्हीएमला ३२ जीबी द्या की ६४. एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीलाही अशीच अट आहे: २०२२ च्या आवृत्तीपर्यंत ४ सॉकेट किंवा २४ कोअर, जे कमी ते. १६ सॉकेट दाखवून तिचे चारच कोअर चालवणारी पेढी शोधायला फार लांब जावे लागत नाही. लिबव्हर्ट (लिनक्सवर व्हीएम सांभाळणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तिथे टोपॉलॉजी (सॉकेट आणि कोअरची मांडणी) लिहिलीच नाही, तर प्रत्येक व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेला आभासी प्रोसेसर) स्वतंत्र सॉकेट म्हणून गेस्टपुढे येतो.

प्रश्न : आमच्याकडे झिऑन ई५-२६८० व्ही४ चे दोन प्रोसेसर असलेला सर्व्हर आहे, प्रत्येक बाजूला ६४ जीबी मेमरी. त्यावर लिनक्स, केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) आणि लिबव्हर्ट. पोस्टग्रेस डेटाबेस चालवणाऱ्या एका व्हीएमला २४ व्हीसीपीयू आणि ८० जीबी दिले आहेत. एखाद्या दिवशी तेच रिपोर्ट झपाट्याने येतात, व्हीएम बंद-चालू केल्यावर कधी कधी बरेच मंदावतात. सेटिंग काहीच बदललेले नसते. व्हीएमला दोन मेमरी नोड दाखवायचे ठरवले तर नेमके काय काय लिहावे लागेल?
— एका सॉफ्टवेअर कंपनीतील वाचक, सुपर कॉरिडॉर, इंदूर

उत्तर : आधी लहरीपणाचे कारण. लिनक्स मेमरीचे पान (तिचा ठरावीक आकाराचा तुकडा) मागितल्याबरोबर देत नाही. ते पहिल्यांदा वापरले जाते तेव्हा देतो, आणि शक्यतो त्या क्षणी ते वापरणारा प्रोग्रॅमचा थ्रेड ज्या नोडवर चालू असेल तिथलेच देतो. तुमच्या व्हीएमचे थ्रेड बांधलेले नाहीत. त्यामुळे कोणते पान कुठल्या नोडवर पडेल हे त्या दिवशी कोणत्या बाजूला किती जागा मोकळी होती आणि शेड्युलरने (कोअरवर कामे वाटणाऱ्या भागाने) थ्रेड कुठे टाकला यावर ठरते. शिवाय ८० जीबी एका बाजूच्या ६४ मध्ये मावतच नाहीत. गेस्टला मात्र सगळी मेमरी एकसारखीच वाटते, त्यामुळे त्यालाही काही सावरता येत नाही.

मग पहिला प्रश्न स्वतःला विचारा: ८० जीबी खरोखर लागतात का? १२ कोअर आणि ५० जीबीत काम भागत असेल तर अख्खे व्हीएम एका नोडवर बसवा, गेस्टला एकच नोड दाखवा आणि खालचे सगळे विसरा. आमच्या मते दहातल्या आठ ठिकाणी हाच मार्ग बरा, कारण यात बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. भागत नसेल तर पुढे वाचा.

होस्टवर ‘एलएससीपीयू’ आणि ‘न्यूमासीटीएल’ची हार्डवेअर दाखवणारी कमांड चालवा. या प्रोसेसरात १४ कोअर आणि २८ थ्रेड असतात, म्हणजे दोन्ही प्रोसेसरांचे एकूण ५६ थ्रेड. बहुतेक ठिकाणी नोड ० वर ० ते १३ आणि २८ ते ४१, नोड १ वर १४ ते २७ आणि ४२ ते ५५ असे क्रमांक दिसतील. पण हे गृहीत धरू नका. काही कंपन्यांच्या सर्व्हरवर सम क्रमांक एका नोडवर आणि विषम दुसऱ्यावर असतात. एकाच कोअरचे दोन थ्रेड म्हणजे जोडीदार. कोण कोणाचा जोडीदार हे सिसएफएसमध्ये (लिनक्स हार्डवेअरची माहिती जिथे मांडतो त्या फोल्डरात) प्रत्येक सीपीयूच्या टोपॉलॉजी फोल्डरातली ‘थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट’ ही फाइल सांगते. वरच्या मांडणीत ० चा जोडीदार २८, १४ चा ४२. पुढचे सगळे आकडे ही मांडणी धरून आहेत.

प्रत्येक नोडवरचे पहिले दोन कोअर होस्टसाठी सोडा. व्हीएमसाठी नोड ० वरून कोअर २ ते ७ आणि त्यांचे जोडीदार ३० ते ३५, नोड १ वरून १६ ते २१ आणि त्यांचे जोडीदार ४४ ते ४९ घ्या. झाले २४.

आता एक्सएमएल, म्हणजे लिबव्हर्टसाठी व्हीएमचे वर्णन लिहिलेली फाइल. सीपीयूचा मोड होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा गेस्टला दाखवणारा) ठेवा. टोपॉलॉजीत सॉकेट २, डाय (प्रोसेसरातला चिपचा तुकडा) १, कोअर ६, थ्रेड २. यांचा गुणाकार व्हीसीपीयूच्या कमाल संख्येइतकाच, म्हणजे २४ यायला हवा. नाही आला तर लिबव्हर्ट व्याख्या स्वीकारतच नाही.

त्याच सीपीयू घटकात न्यूमाच्या आत दोन सेल, म्हणजे गेस्टला दाखवायचे नोड, लिहा. सेल ० ला व्हीसीपीयू ० ते ११, सेल १ ला १२ ते २३ आणि दोघांना ४०-४० जीबी. इथे एकक लिहायला विसरू नका. ते नसेल तर लिबव्हर्ट आकडा किबीबाइटमध्ये धरतो आणि ४० जिबीबाइट म्हणजे ४१९४३०४० किबीबाइट. नुसते ४० लिहून मोकळे झालात तर व्हीएम उठणारच नाही.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात. गेस्टच्या आत क्रमांक देताना क्यूईएमयू (होस्टवर व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) आधी थ्रेड भरतो, मग कोअर, मग सॉकेट. म्हणजे व्हीसीपीयू ० आणि १ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड, २ आणि ३ पुढच्याचे. होस्टवर मात्र जोडीदार २८ ने दूर आहेत. व्हीसीपीयू ० ते ११ ओळीने होस्टच्या २, ३, ४… वर टाकले तर गेस्ट ज्या दोघांना एका कोअरचे भाऊ समजतो ते वेगळ्या कोअरवर जातात, आणि ज्यांना तो परके समजतो ते एकाच कोअरवर भांडतात. बरोबर बांधणी अशी: व्हीसीपीयू ० होस्टच्या २ वर, १ होस्टच्या ३० वर, २ होस्टच्या ३ वर, ३ होस्टच्या ३१ वर, असे करत १० होस्टच्या ७ वर आणि ११ होस्टच्या ३५ वर. दुसऱ्या सॉकेटसाठी १२ होस्टच्या १६ वर, १३ होस्टच्या ४४ वर, शेवटी २२ होस्टच्या २१ वर आणि २३ होस्टच्या ४९ वर. प्रत्येकासाठी सीपीयूट्यून घटकात ‘व्हीसीपीयूपिन’ची एक ओळ. क्यूईएमयूची स्वतःची कामे करणारे थ्रेड ‘एम्युलेटरपिन’ने ०, १, २८, २९ वर ठेवा, नाहीतर ते नेमके डेटाबेसच्या कोअरवर येऊन बसतात.

होस्टवर सम-विषम क्रमांक असतील तर तेच गेस्टच्या सेलमध्ये उतरवण्याचा मोह होतो. तो टाळा. सेलमधले क्रमांक गेस्टचे, पिनमधले होस्टचे. सेलची सीमा सॉकेटच्या सीमेवरच पडली पाहिजे. सॉकेट मधोमध कापला गेला तर एकाच कॅशचे (प्रोसेसरातल्या झटपट मेमरीचे) भागीदार असलेले सीपीयू वेगवेगळ्या नोडवर का, अशी तक्रार गेस्टच्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) बूट नोंदीत येते.

मेमरी बांधायला न्यूमाट्यून घटकात दोन ‘मेमनोड’ ओळी लागतात. सेल ० साठी होस्टचा नोड ०, सेल १ साठी नोड १, दोन्हींचा मोड ‘स्ट्रिक्ट’. नुसते सेल लिहून हे राहिले, तर गेस्टला दोन नोड दिसतात पण त्यांच्यामागची मेमरी कुठलीही असू शकते. असा गेस्ट चुकीच्या माहितीवर मन लावून काम करतो, आणि काहीच न सांगितलेल्या गेस्टपेक्षाही मागे पडू शकतो.

स्ट्रिक्टची किंमतही जाणून घ्या. नोड १ वर जागा संपली तर नोड ० वर १५ जीबी मोकळी असूनही कर्नल तिकडे वळत नाही. मेमरीचा दुष्काळ जाहीर होतो आणि क्यूईएमयूच मारला जाऊ शकतो. म्हणून ही जागा आधीच राखून ठेवा. १ जीबीची ह्युजपेज (मेमरीची मोठी पाने) वापरायची तर कर्नलच्या बूट ओळीत १ जीबी आकाराची ८० पाने मागा. कर्नल ती दोन्ही नोडांत सारखी वाटतो, म्हणजे ४०-४०, आणि प्रत्येक बाजूला होस्टसाठी २४ जीबी उरतात. वाटप असमान हवे असेल तर ५.१६ पासूनच्या कर्नलमध्ये नोडनिहाय आकडे देता येतात. सर्व्हर काही दिवस चालल्यावर १ जीबीची सलग जागा सापडणे कठीण, म्हणून ती बूटच्या वेळीच घ्यावी. मग एक्सएमएलच्या मेमरी-बॅकिंग घटकात ह्युजपेजेस आणि पानाचा आकार लिहा. पाने कमी पडली तर व्हीएम सुरू होतानाच ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून थांबते. भर दुपारी मरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

राखीव ह्युजपेज कर्नलचे ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग (पाने आपोआप योग्य नोडवर नेणारी सोय) हलवत नाही, त्यामुळे या व्हीएमसाठी होस्टवर त्याचा उपयोग उरत नाही. बाकी सगळी व्हीएमही बांधलेली असतील तर ते बंद करा.

तपासणी दोन्हीकडून करा. होस्टवर ‘व्हर्श व्हीसीपीयूइन्फो’ने प्रत्येक व्हीसीपीयू नेमलेल्या जागी आहे ना ते पाहा. मग ‘न्यूमास्टॅट’ला क्यूईएमयूच्या प्रोसेसचा क्रमांक द्या, ह्युजच्या ओळीत दोन्ही नोडखाली साधारण ४०९६० एमबी दिसतील. गेस्टमध्ये ‘एलएससीपीयू’ २ सॉकेट, प्रत्येकी ६ कोअर, कोअरला २ थ्रेड आणि २ नोड सांगेल.

एवढे करूनही पोस्टग्रेस स्वतः नोड ओळखून काम वाटत नाही. त्याची सामायिक मेमरी जो आधी भरेल त्याच्या नोडवर पडते आणि एक बाजू भरून जाते. गेस्टच्या आत सेवा सुरू करताना ती न्यूमासीटीएलच्या ‘इंटरलीव्ह ऑल’ने सुरू करा, म्हणजे पाने दोन्हीकडे सारखी पसरतील. वेग थोडा सरासरीवर येईल, पण रोज तोच राहील. तुमची तक्रार तर लहरीपणाचीच होती.

प्रश्न : न्यूमासीटीएल अंतराच्या तक्त्यात १० आणि २१ दाखवते. म्हणजे दुसऱ्या नोडची मेमरी २.१ पट हळू का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : नाही. तो आकडा मोजलेला नसतो. सर्व्हरचे फर्मवेअर (बोर्डातच असलेले मूळ सॉफ्टवेअर) एसीपीआयच्या, म्हणजे प्रणालीला हार्डवेअर कळवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, ‘स्लिट’ नावाच्या तक्त्यात तो लिहून ठेवते. स्वतःच्या नोडला १०, आणि बाकी सगळे त्या मानाने. ० ते ९ राखीव आहेत, २५५ म्हणजे पोहोचताच येत नाही. दोन सॉकेटच्या झिऑनवर प्रत्यक्ष फरक साधारण दीडपटीच्या आसपास सापडतो, आणि दोन प्रोसेसरांमधला दुवा गजबजला की वाढतो. गेस्टला क्यूईएमयू काही न सांगता १० आणि २० दाखवतो. दोन नोडांत यापेक्षा बारीक आकडे देऊन काहीच साधत नाही. चार किंवा आठ नोड असतील आणि काही जवळचे, काही लांबचे असतील तेव्हा मात्र सेलच्या आत ‘डिस्टन्सेस’ लिहावेत, म्हणजे गेस्टचा कर्नल मेमरी मागताना आधी जवळच्या नोडकडे जाईल.

प्रश्न : जेल रोडच्या बाजारातून वापरलेला दोन सॉकेटचा सर्व्हर घेतला. मेमरीच्या १६ जीबीच्या ८ पट्ट्या आहेत आणि बायॉस १२८ जीबी बरोबर दाखवतो. पण न्यूमासीटीएलमध्ये नोड १ चा आकार ० एमबी येतो आणि त्या नोडवर बांधलेले व्हीएम सुरूच होत नाही. दुसरा प्रोसेसर खराब आहे का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : प्रोसेसर खराब असता तर त्याचे कोअरही दिसले नसते. सगळ्या पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या खाचांत बसवलेल्या आहेत, एवढेच. वापरलेला सर्व्हर विकण्यापूर्वी पट्ट्या काढून पुन्हा लावतात, तेव्हा हे हमखास होते. झाकणाच्या आतल्या बाजूचा नकाशा पाहा. बऱ्याच सर्व्हरवर एका प्रोसेसरच्या खाचा ए आणि दुसऱ्याच्या बी अक्षराने सुरू होतात.

वीजजोडणी काढा, चार पट्ट्या तिथेच ठेवा आणि चार दुसऱ्या प्रोसेसरकडे न्या. ई५ व्ही३, व्ही४ पिढीत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे ४ चॅनल (तिच्यापर्यंतचे वेगळे मार्ग) असतात, म्हणून प्रत्येक चॅनलच्या पहिल्या खाचेत एक पट्टी बसवा. दोन पट्ट्या एकाच चॅनलवर टाकून दुसरे चॅनल रिकामे ठेवू नका. डीडीआर४-२४०० वर चारही चॅनल भरले तर प्रोसेसरमागे सेकंदाला ७६.८ जीबीची कमाल क्षमता मिळते, दोनच भरले तर तिची निम्मी. आकारमान सारखेच दिसत असल्याने हा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही.

बायॉस उघडलाच आहे तर दोन गोष्टी बघून घ्या. ‘नोड इंटरलीव्हिंग’ चालू असेल तर फर्मवेअर मेमरी दोन्हीकडे विणून टाकते आणि होस्टला एकच नोड दिसतो. ते बंद हवे. ‘क्लस्टर ऑन डाय’ चालू असेल तर दोनऐवजी चार नोड दिसतील. ते चूक नाही, पण एका नोडवर मावणाऱ्या व्हीएमचा आकार निम्मा होतो. लहान लहान व्हीएमच चालवणार नसाल तर बंद ठेवा.

प्रश्न : एएमडीच्या ईपीवायसी प्रोसेसरच्या सर्व्हरवर १६ व्हीसीपीयूचे व्हीएम आहे. टोपॉलॉजीत ८ कोअर, २ थ्रेड लिहिले, मोड होस्ट-पासथ्रू. तरी गेस्ट कोअरमागे १ च थ्रेड दाखवतो. शिवाय होस्टवर सॉकेट एक असताना नोड चार दिसतात, ते कसे?
— एक वाचक, पिथमपूर

उत्तर : एएमडीवर थ्रेडची जोडी गेस्टला कळण्यासाठी ‘टोपोएक्स्ट’ हे वैशिष्ट्य लागते आणि होस्ट-पासथ्रूमध्ये ते आपोआप मिळत नाही. सीपीयू घटकात फीचर म्हणून त्याचे नाव, धोरण ‘रिक्वायर’ असे लिहा. क्यूईएमयूच्या लॉगमध्ये या आशयाचा इशारा आधीपासून पडलेला असेल, तो कोणी वाचत नाही.

चार नोड ही बायॉसची करणी. ‘एनपीएस’ म्हणजे सॉकेटमागे नोड किती, हे १, २ किंवा ४ ठेवता येते. तुमच्याकडे ४ आहे. व्हीएम मोठी असतील तर १ वर आणा. लहान आणि मेमरीवर जोर देणारी असतील तर ४ राहू द्या आणि एकेक व्हीएम एकेका नोडवर बांधा.

खरे लक्ष द्यायचे ते एल३ कॅशकडे, आणि इथे मॉडेलगणिक चित्र बदलते. ईपीवायसी ७५१३ आणि ७५४३ दोन्ही ३२ कोअरचे. पण ७५१३ ची एल३ १२८ एमबी, म्हणजे ३२ एमबीचे ४ तुकडे, प्रत्येकी ८ कोअर. ७५४३ ची २५६ एमबी, म्हणजे ८ तुकडे, प्रत्येकी ४ कोअर. तुमचे ८ कोअरचे व्हीएम पहिल्यावर एका तुकड्यात बसेल. दुसऱ्यावर ते दोन तुकड्यांत विभागले जाईल, आणि गेस्टला हे माहीत नसेल तर तो एकमेकांशी सतत बोलणारे थ्रेड वेगवेगळ्या तुकड्यांत टाकत राहील. तिथे टोपॉलॉजीत सॉकेट १, डाय २, कोअर ४, थ्रेड २ असे लिहा आणि प्रत्येक डाय खरोखर एकेका तुकड्यावर पिन करा. मग गेस्टमध्ये ‘एलएससीपीयू -ई’ चालवा. एल३ च्या रकान्यात पहिल्या आठ व्हीसीपीयूंना एक क्रमांक आणि पुढच्या आठांना दुसरा दिसला पाहिजे. पिन करणार नसाल तर डाय आणि थ्रेड दोन्ही १ ठेवून सगळे कोअर म्हणूनच दाखवा. जे होस्टवर पाळले जाणार नाही ते गेस्टला सांगण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याकडे काही व्हीएम व्हीएमवेअरवर आणि काही हायपर-व्हीवर आहेत. मोठ्या व्हीएमलाही एकच नोड दिसतो.
— एक वाचक, अलकापुरी, बडोदा

उत्तर : व्हीएमवेअरमध्ये दोन गोष्टी तपासा. मूळ सेटिंगनुसार ८ पेक्षा जास्त व्हीसीपीयू असल्याशिवाय व्हर्च्युअल न्यूमा (गेस्टसाठीचे नोड) दाखवलाच जात नाही. आणि व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ पर्यंत ‘सीपीयू हॉट अ‍ॅड’ची (चालू व्हीएमला प्रोसेसर वाढवण्याच्या सोयीची) खूण केलेली असली की तो बंदच होतो. ‘पुढे लागले तर’ म्हणून टेम्प्लेटमध्ये केलेली ही खूण वर्षानुवर्षे तशीच राहते. व्हीएम बंद करून ती काढा.

हायपर-व्हीत दोषी असते डायनॅमिक, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी मेमरी. ती चालू असताना व्हर्च्युअल न्यूमा मिळत नाही. डेटाबेसच्या व्हीएमला ठरावीक मेमरी द्या. तपासायला गेस्टमध्ये सिसइंटरनल्सचे ‘कोअरइन्फो’ चालवा, ते नोडांची यादी छापते.

प्रश्न : १०० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला दिले आहे. व्हीएम नोड ० वर बांधलेले, मेमरीही तिथलीच. तरी वेग अपेक्षेइतका नाही. आणि अशा बांधलेल्या व्हीएमला दुसऱ्या होस्टवर हलवायचे झाले तर काय करायचे?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कार्डालाही नोड असतो. ते ज्या खाचेत आहे ती कोणत्या तरी एका प्रोसेसरची असते. सिसएफएसमध्ये त्या पीसीआय उपकरणाच्या फोल्डरात ‘न्यूमा नोड’ नावाची फाइल आहे. तिथे १ असेल तर तुमचा प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरांमधल्या दुव्यावरून ये-जा करतो आहे. -१ असेल तर फर्मवेअरने माहिती दिलेली नाही, तेव्हा ‘एलएसटोपो’ आणि सर्व्हरची पुस्तिका पाहून खाच ओळखा. कार्ड नोड ० च्या खाचेत न्या किंवा व्हीएम नोड १ वर बांधा. दुसरा मार्ग बिनखर्चाचा.

व्हीएम दोन्ही नोडांवर पसरलेले असेल तर कार्ड कोणाजवळ आहे हेही गेस्टला सांगावे लागते. क्यू३५ प्रकारच्या (क्यूईएमयू दाखवतो त्या मदरबोर्डच्या एका नमुन्याच्या) मशीनमध्ये ‘पीसीआयई एक्स्पांडर बस’ प्रकारचा कंट्रोलर जोडा, त्याच्या टार्गेटमध्ये नोडचा क्रमांक लिहा आणि त्याखाली रूट पोर्ट लावून कार्ड त्यावर बसवा. हा क्रमांक गेस्टच्या सेलचा असतो, होस्टच्या नोडचा नव्हे. सेल ० होस्टच्या नोड १ वर बांधला असेल तर इथे गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

हलवण्याबद्दल: थेट दिलेले कार्ड असताना चालू व्हीएम सहसा सरळ हलत नाही, आधी कार्ड काढून घ्यावे लागते. कार्ड नसले तरी, गेस्टने रचना बूटच्या वेळी वाचलेली असते आणि ती तो शेवटपर्यंत धरून बसतो. त्याला दाखवलेले सॉकेट, सेल, अंतरे चालू असताना बदलता येत नाहीत. होस्टशी निगडित भाग, म्हणजे पिन आणि मेमनोडमधले क्रमांक, नव्या होस्टप्रमाणे बदललेल्या एक्सएमएलमधून स्थलांतराच्या कमांडसोबत देता येतात. न दिल्यास, नव्या होस्टवर नोड १ नसेल किंवा ४९ क्रमांकाचा सीपीयूच नसेल, तर स्थलांतर अडते. नव्या होस्टवर १ जीबीची पाने आधी नोडनिहाय राखून ठेवा, आणि निघण्यापूर्वी तिथे ‘व्हर्श फ्रीपेजेस’ चालवून ती खरेच मोकळी आहेत का ते बघा.